जिथे–तिथे आणि एकटा व्हेअर

“फुली मारलीय तिथं सही करा.” लातूरच्या कुठल्याही बँकेत, नांदेडच्या कुठल्याही कचेरीत हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. सांगणारा सांगून मोकळा होतो, ऐकणारा वाकून सही करतो. आपण आत्ता एक मिश्र वाक्य वापरलं, हे दोघांच्याही मनात येत नाही. पण ते मिश्र वाक्यच आहे. ‘सही करा’ हे त्यातलं प्रधान वाक्य, आणि सही कुठे करायची ते सांगणारं ‘फुली मारलीय’ हे गौण वाक्य. मराठी व्याकरणात याला स्थलदर्शक क्रियाविशेषण वाक्य म्हणतात. इंग्रजीच्या तासाला ज्या ‘ॲडव्हर्ब क्लॉज ऑफ प्लेस’चं नाव ऐकूनच मुलं दचकतात, तो हाच.

आता हेच इंग्रजीत म्हणू : ‘साइन व्हेअर आय हॅव पुट अ क्रॉस.’ मराठी वाक्याचं पूर्ण रूप ‘जिथे फुली मारली आहे, तिथे सही करा’ असं आहे. बोलताना आपण ‘जिथे’ गाळतो आणि ‘तिथे’ ठेवतो. इंग्रजी नेमकं उलट करते. ती ‘व्हेअर’ म्हणजे ‘जिथे’ ठेवते आणि ‘तिथे’ गाळते. आपल्याकडच्या मुलांच्या इंग्रजीत जागा सांगणाऱ्या वाक्यांचे जे घोळ होतात, त्यांतले बहुतेक या एका फरकाशी येऊन थांबतात. तो फरक मुलाला त्याच्या तोंडच्या मराठीतून दाखवला, तर हा धडा इंग्रजी व्याकरणातल्या सर्वांत सोप्या धड्यांपैकी एक ठरतो, असं माझं ठाम मत आहे.

तसं शिकवलं मात्र क्वचितच जातं. लातूरच्या उद्योग भवन परिसरात काय किंवा नांदेडच्या श्यामनगरात काय, शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या वह्यांत एक सूत्र हमखास लिहिलेलं असतं : व्हेअर किंवा व्हेअरेव्हर दिसला की ‘ॲडव्हर्ब क्लॉज ऑफ प्लेस’ लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. वेळ कमी, पोर्शन मोठा, त्यामुळे सूत्र लोकप्रिय होणारच. अडचण इतकीच की ते व्हेअरेव्हरला बऱ्यापैकी चालतं आणि व्हेअरला वारंवार फसतं. व्हेअरने सुरू होणारं गौण वाक्य तीन वेगवेगळ्या कामांवर असू शकतं, आणि परीक्षेत नेमकं तेच ओळखायला सांगतात.

नांदेडचंच उदाहरण घेऊ. गुरू गोविंदसिंगजींनी आपले अखेरचे दिवस नांदेडला काढले आणि 1708 साली इथेच देह ठेवला. त्या जागी आज तख्त सचखंड श्री हजूर साहिब उभं आहे. महाराजा रणजितसिंगांच्या पुढाकाराने 1832 ते 1837 या काळात बांधलेली ही वास्तू सबंध जगातल्या शिखांना नांदेडला आणते. आता तीन वाक्यं पाहा. पहिलं : ‘द तख्त स्टँड्स व्हेअर द गुरू स्पेंट हिज लास्ट डेज.’ दुसरं : ‘नांदेड इज द सिटी व्हेअर द गुरू स्पेंट हिज लास्ट डेज.’ तिसरं : ‘एव्हरीवन इन नांदेड नोज व्हेअर द गुरू स्पेंट हिज लास्ट डेज.’ व्हेअरपासून पुढचे शब्द तिन्ही वाक्यांत जसेच्या तसे आहेत. इंग्रजीकडे नुसतं बघत बसलं तर फरक हाती लागणं कठीण.

मराठीत मात्र तो लपूच शकत नाही. पहिलं वाक्य मराठीत असं होईल : गुरूंनी अखेरचे दिवस जिथे काढले, तिथे तख्त उभं आहे. दुसरं : जिथे गुरूंनी अखेरचे दिवस काढले, ते शहर नांदेड. तिसरं : गुरूंनी अखेरचे दिवस कुठे काढले, ते नांदेडात सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्यात ‘जिथे–तिथे’, दुसऱ्यात ‘जिथे–ते शहर’, तिसऱ्यात ‘कुठे–ते’. म्हणजे वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे पाहायचं. तिथे ‘तिथे’ आलं तर गौण वाक्य क्रियापदाची जागा सांगतंय, म्हणून क्रियाविशेषण वाक्य. ‘ते शहर’, ‘ती विहीर’, ‘तो चौक’ असं एखादं नाम आलं तर ते नामाचं वर्णन करतंय, म्हणून विशेषण वाक्य. आणि ‘जिथे’ऐवजी ‘कुठे’ येऊन पुढे नुसतं ‘ते’ आलं, तर गौण वाक्य स्वतःच नामाचं काम करतंय, म्हणून नामवाक्य. इंग्रजीने तीन कामं एका शब्दावर टाकली आहेत. मराठीने त्यांची वाटणी केली आहे, आणि ती वाटणी लातूर-नांदेडच्या पाच वर्षांच्या मुलालाही अचूक येते. “बैल कुठं बांधलाय ते सांग” आणि “बैल बांधलाय तिथं कडबा टाक” यांत ते मूल कधी चुकत नाही.

मराठी बाजूला ठेवून इंग्रजीतच पडताळा घ्यायचा असेल, तर गौण वाक्य उचलून त्या जागी एक शब्द बसवून पाहावा. ‘द तख्त स्टँड्स देअर’ बसतं, म्हणून ते क्रियाविशेषण. ‘एव्हरीवन नोज इट’ बसतं, म्हणून ते नाम. ‘द सिटी’च्या मागोमाग मात्र ना ‘देअर’ नीट बसतं ना ‘इट’. ते वाक्य त्या शहराला चिकटलेलंच राहतं.

मराठीच्या ‘तिथे’वरून घेतलेल्या पडताळ्यात एक खड्डा आहे, तो आधीच सांगून ठेवलेला बरा. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. मांजरा नदीवरचं धनेगावचं धरण कोरडं पडलं होतं आणि शहराची तहान टँकरच्या आवाक्याबाहेर गेली होती. त्या गाडीबद्दल इंग्रजीत असं लिहिता येईल : ‘द ट्रेन केम फ्रॉम मिरज, व्हेअर इट वॉज फिल्ड विथ वॉटर.’ याचं मराठी आपण सहज कसं करू? ‘गाडी मिरजेहून आली, तिथे तिच्यात पाणी भरलं होतं.’ ‘तिथे’ आलं म्हणून कोणी याला क्रियाविशेषण वाक्य म्हणेल, पण ते तसं नाही. गावाचं नाव, पाठोपाठ स्वल्पविराम आणि मग व्हेअर, अशी रचना दिसली की तो व्हेअर त्या गावाबद्दलची जादा माहिती जोडत असतो. ते विशेषण वाक्यच. मराठीला ही रचना फारशी मानवत नाही. ती सरळ दुसरं वाक्य सुरू करते, आणि मला तरी मराठीची ही रीत अधिक मोकळी वाटते.

मुळात इंग्रजीने कुठे आणि जिथे या दोघांना एकाच व्हेअरमध्ये का कोंबलं? याचं उत्तर शोधायला लागलं की नांदेडचा बाजारच एक भाषाशाळा होतो. मराठीतली ज–त जोडी संस्कृतातून आली आहे. पाणिनीने सप्तमीच्या अर्थाने त्रल् हा प्रत्यय सांगितला. त्यातून यत्र, तत्र आणि कुत्र हे शब्द होतात. य जोडणारा, त दाखवणारा, क विचारणारा. मराठीत त्यांचेच जिथे, तिथे, कुठे. शिवाय ज–त ही जोडी नुसत्या जागेपुरती राहिली नाही. जेव्हा–तेव्हा, जसा–तसा, जितका–तितका असं सगळं घराणंच त्यातून उभं राहिलं. हिंदी-उर्दूत जहाँ–वहाँ आणि कहाँ, गुरुद्वाऱ्याच्या परिसरात कानी पडणाऱ्या पंजाबीत जित्थे–उत्थे आणि कित्थे. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, कारभाराची भाषा उर्दू होती, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिलं जाई. त्या पिढीतली जी थोडी माणसं इंग्रजीपर्यंत पोचली, त्यांच्या व्हेअरला जहाँ–वहाँचा आधार मिळाला असणार. जोडी तीच, आवाज तेवढा वेगळा.

देगलूर, बिलोली, धर्माबादकडे गेलं की तेलुगू लागते, आणि उदगीर-देवणीकडे कन्नड. इथे चित्र पालटतं. ‘आहेस तिथंच थांब’ हे तेलुगूत ‘एक्कड उन्नावो अक्कडे उंडु’ होतं, कन्नडमध्ये ‘एल्लिद्दीयो अल्ले इरु’. ‘एक्कड’ आणि ‘एल्लि’ हे दोन्ही मूळचे प्रश्न विचारणारे शब्द, म्हणजे कुठे. विचारणाऱ्या शब्दालाच तिथे जोडण्याच्या कामाला लावतात आणि क्रियापदाच्या शेवटी ‘ओ’ लावून इशारा देतात की हा प्रश्न नाही. इंग्रजीची चालही याच्या जवळची आहे. तिच्याकडे जोडणारा ‘ज’ नाही, म्हणून विचारणारा व्हेअरच ते काम करतो. म्हणजे देगलूरच्या तेलुगू घरातल्या मुलीला इंग्रजीतला हा भाग औशाच्या मराठी मुलीपेक्षा एका पायरीने जवळचा असायला हरकत नाही. तिच्या घरच्या भाषेत कुठे आणि जिथे आधीच एक आहेत. ही गोष्ट वर्गात कोणी तिला सांगितली, तर तिच्या घरच्या भाषेला शाळेत थोडा मान मिळेल. मराठी शाळेत ती भाषा सहसा दाराबाहेरच राहते.

इंग्रजी पूर्वी अशी नव्हती, हेही सांगायला हवं. अँग्लो-सॅक्सन काळच्या इंग्रजीत जागा सांगणाऱ्या वाक्याच्या दोन्ही अर्ध्यांत आजच्या ‘देअर’चा पूर्वज येत असे. एक जोडायला, एक दाखवायला. पुढे जोडायचं काम विचारणाऱ्या व्हेअरकडे गेलं आणि दाखवणारा शब्द हळूहळू गळून पडला. आधुनिक व्याकरणकारांनी या गळतीला फार सुंदर रीतीने समजावलं आहे. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या 2002 सालच्या केंब्रिज इंग्रजी व्याकरणात अशा वाक्यातल्या व्हेअरला जोडशब्द मानलं आहे, म्हणजे दाखवणारा आणि जोडणारा असे दोन्ही शब्द त्यात वितळून एक झाले आहेत. ‘पुट इट व्हेअर यू फाउंड इट’ यातला व्हेअर म्हणजे ‘ज्या जागी सापडलं त्या जागी’ हे सगळं एकटा. मराठी माणसाला यासाठी ग्रंथ उघडायची गरज नाही. त्याच्या भाषेत ते दोन शब्द अजून वेगवेगळे नांदत आहेत.

मराठी शाळेत आपण जे वाक्यपृथक्करण शिकतो, ते इंग्रजी व्याकरणाच्या धाटणीवर बेतलेलं आहे. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं, आणि मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य ही विभागणी दोन्ही भाषांच्या शालेय पुस्तकांत सारखीच आहे. तरी मराठीच्या तासाला मूल जिथे–तिथे शिकतं आणि इंग्रजीच्या तासाला व्हेअर शिकतं, आणि हे दोन धडे एकच आहेत हे त्याला कोणी सांगत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पद्धत निराळी होती. त्यात मराठी वाक्य समोर ठेवून त्याचं इंग्रजी करायला सांगत. मराठी माणसांच्या कितीतरी पिढ्या तिच्यावर इंग्रजी शिकल्या. पुढे इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी हा विचार बळावला. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली, आणि बोलण्याच्या सरावासाठी इंग्रजीतूनच शिकवण्याची रीत चांगलीच आहे. पण गौण वाक्यासारख्या जागी मराठीला वर्गाबाहेर ठेवणं म्हणजे मुलाच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार काढून घेणं. एमपीएससीच्या गट ब आणि गट क च्या मुख्य परीक्षेची तयारी करणाऱ्यांना तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही व्याकरणं करावी लागतात. त्यांनी हा भाग दोनदा पाठ करण्याची काहीच गरज नाही.

आता चुकांकडे येऊ. पहिली चूक सगळ्यांच्या ओळखीची : ‘व्हेअर यू आर सिटिंग, देअर यू सिट.’ ‘तू बसलायस तिथंच बस’ याचं हे शब्दाला शब्द इंग्रजी. देअर काढलं की वाक्य नीट होतं, पण क्रमही बदलावा लागतो. मराठीत जागा सांगणारा भाग आधी येतो, कारण पुढच्या ‘तिथे’ला मागे काहीतरी धरायला हवं. इंग्रजीत तो बहुधा मागे जातो : ‘सिट व्हेअर यू आर.’ म्हणींत आणि जोर द्यायचा असेल तेव्हा तो पुढे येतो, आणि मग त्याच्यानंतर स्वल्पविराम देतात. मागे असेल तर स्वल्पविराम नको.

दुसरी चूक शब्दक्रमाची. ‘सिट व्हेअर इज द शेड.’ मुलं व्हेअरला पहिल्यांदा भेटतात ती प्रश्नातून, ‘व्हेअर इज युवर बुक?’ असं म्हणताना. त्यामुळे व्हेअरच्या लगेच मागे क्रियापद येतं ही सवय लागते. ती प्रश्नापुरती ठीक. गौण वाक्यात कर्ता पुढे आणि क्रियापद मागे : ‘सिट व्हेअर द शेड इज.’ नामवाक्यालाही हाच नियम : ‘आय नो व्हेअर द बँक इज.’ मराठीत प्रश्न असो वा गौण वाक्य, क्रियापद शेवटीच बसतं. तेव्हा ‘व्हेअरचं गौण वाक्य मराठीसारखं क्रियापद मागे ठेवतं’ एवढं मुलाच्या लक्षात राहिलं, तरी या छोट्या वाक्यांत चूक टळते.

तिसरी चूक काळाची. ‘तू जाशील तिथं मी येईन’ यात मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ वापरते. इंग्रजीत गौण वाक्यात साधा वर्तमान येतो : ‘आय विल कम व्हेअरेव्हर यू गो.’ ‘आवडेल तिथं बस’ म्हणजे ‘सिट व्हेअर यू लाइक’, ‘विल लाइक’ नव्हे. मराठी तर इथे भूतकाळही वापरते. “दिसला तिथं धर त्याला” म्हणताना तो अजून दिसलेला नसतो. इंग्रजीत तिथेही वर्तमानच.

मला या सगळ्या विषयात सर्वांत रस वाटतो तो विभक्तीच्या भागात, कारण मराठीची खरी श्रीमंती तिथे दिसते. आपल्याकडे जिथे–तिथे आहेच, शिवाय जिथून–तिथून, जिकडे–तिकडे, जिथपर्यंत–तिथपर्यंत आहेत, आणि त्यांच्या जोड्या सारख्याच असायला हव्यात असंही नाही. ‘जिथून आलास तिथे परत जा.’ पहिल्या अर्ध्यात निघणं, दुसऱ्यात पोचणं. ‘उतरलास तिथून सरळ चालत ये.’ इथे ‘जिथे’ गाळलेलं आहे आणि ‘ऊन’ दुसऱ्या अर्ध्यावर आहे. इंग्रजीत या दोन्हींत फ्रॉम लागणार, पण वेगवेगळ्या जागी. पहिलं : ‘गो बॅक व्हेअर यू केम फ्रॉम.’ दुसरं : ‘वॉक स्ट्रेट फ्रॉम व्हेअर यू गॉट डाउन.’ पहिल्यात फ्रॉम टोकाला लोंबकळतोय, दुसऱ्यात तो व्हेअरच्या आधी उभा आहे. इंग्रजी शिकणाऱ्याला हा फ्रॉमचा खेळ मनमानी वाटतो. मराठी जाणणाऱ्याला तसं वाटायचं कारण नाही. ‘ऊन’ जिथेला लागलेला असेल तर फ्रॉम गौण वाक्याच्या शेवटी. ‘ऊन’ तिथेला लागलेला असेल तर फ्रॉम व्हेअरच्या आधी. बोलीत ‘जिथे’ गाळलेलं असतं, म्हणून आधी ते मनात परत बसवायचं आणि मग ‘ऊन’ कुणाच्या अंगावर आहे ते पाहायचं. दोन्हीकडे ‘ऊन’ असेल, म्हणजे ‘तू जिथून बस पकडतोस तिथूनच मी पकडतो’, तर इंग्रजी माणूस सहसा या फंदात न पडता ‘फ्रॉम द सेम स्टॉप’ म्हणतो. परीक्षेपुरती एक सूचना : व्हेअरच्या आधी फ्रॉम आला की काटेकोर परीक्षक त्या गौण वाक्याला नामवाक्य म्हणतात, कारण ते फ्रॉमचं कर्म झालेलं असतं.

इंग्रजीकडेही हा सगळा संच एकेकाळी होता. व्हेअर म्हणजे जिथे, व्हिदर म्हणजे जिकडे, व्हेन्स म्हणजे जिथून. आणि समोर देअर, दिदर, देन्स, म्हणजे तिथे, तिकडे, तिथून. आज व्हिदर आणि व्हेन्स जुन्या पुस्तकांत आणि कवितेत भेटतात, बोलण्यात नाहीत. म्हणून ‘वाट फुटेल तिकडे लोक पळाले’ यातली दिशा आजच्या इंग्रजीत व्हेअरेव्हरमध्येच सामावून घ्यावी लागते : ‘पीपल रॅन व्हेअरेव्हर दे कुड.’ आणि तिथपर्यंतसाठी व्हेअर चालतच नाही. ‘रस्ता आहे तिथपर्यंतच जीप जाते’ याला ‘ॲज फार ॲज’ लागतं : ‘द जीप गोज ओन्ली ॲज फार ॲज द रोड गोज.’ व्हेअर नसलेला, तरीही जागाच सांगणारा हा क्लॉज सूत्रावर विसंबलेल्या मुलांच्या हातून बहुतेक वेळा निसटतो.

कधीकधी या वाक्यरचनेवर फार मोठं वजन येतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यानंतर 52 गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. ‘जुनी घरं होती तिथं पुन्हा बांधलं नाही’, हे वाक्य औसा आणि उमरगा तालुक्यांत आजही नुसत्या व्याकरणाचं वाक्य म्हणून ऐकता येत नाही. इंग्रजीत ते ‘पीपल डिड नॉट रिबिल्ड व्हेअर देअर ओल्ड हाउसेस हॅड स्टुड’ असं होईल. त्यातला ‘हॅड स्टुड’ महत्त्वाचा आहे. गौण वाक्यातली गोष्ट प्रधान वाक्यातल्या गोष्टीच्या आधी होऊन गेलेली असेल, तर इंग्रजी ते क्रियापदातून दाखवते. मराठी ‘होती’वर भागवते आणि ऐकणाऱ्याला संदर्भावर सोडते.

आता व्हेअरेव्हरबद्दल. मराठीत त्यासाठी एक शब्द नाही, तीन रीती आहेत, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. ‘जिथे जिथे पाणी साचलं, तिथे तिथे डास झाले’ म्हणताना आपण एकेक जागा मोजत जातो. ‘जिथे कुठे असशील, सुखी राहा’ म्हणताना जागा एकच, पण ठाऊक नसलेली. ‘वाटेल तिथे बस’ म्हणताना निवड समोरच्यावर सोडलेली. इंग्रजीचा व्हेअरेव्हर या तिन्ही ठिकाणी चालतो. पहिल्या अर्थाला ‘एव्हरीव्हेअर’ आणि तिसऱ्याला ‘एनीव्हेअर’ हेही शब्द वाक्य जोडायला येतात : ‘एव्हरीव्हेअर वी वेंट, पीपल टॉक्ड अबाउट रेन’, ‘पार्क एनीव्हेअर यू फाइंड स्पेस.’ या दोघांच्या मागे पुन्हा व्हेअर लावण्याचा मोह मुलांना होतो, तो टाळावा.

कायद्याच्या इंग्रजीतला व्हेअर जागा सांगत नाही, एवढंही नोंदवून ठेवतो. भाडेपट्ट्याचा किंवा जमिनीचा कागद वाचताना ‘व्हेअर द टेनंट फेल्स टू पे’ असं आलं, तर तो व्हेअर ‘ज्या बाबतीत’ किंवा सरळ ‘जर’ म्हणून वाचावा.

आता राहिलं देअर. इतका वेळ मी देअर काढा असं म्हणत आलो, आणि तरी इंग्रजीतली सर्वांना पाठ असलेली म्हण म्हणते, ‘व्हेअर देअर इज अ विल, देअर इज अ वे.’ एका वाक्यात दोन देअर! मुलं विचारतात आणि त्यांचं विचारणं बरोबर आहे. या दोन्ही देअरपैकी एकही ‘तिथे’ नाही. दोन्ही ‘आहे’चे सोबती आहेत. एखादी गोष्ट अस्तित्वात आहे एवढंच सांगायचं असतं, तेव्हा इंग्रजीला कर्त्याच्या जागी काहीतरी ठेवावंच लागतं, आणि तिथे हा रिकामा देअर येऊन बसतो. ‘विहिरीत पाणी आहे’ म्हणजे ‘देअर इज वॉटर इन द वेल.’ यात ‘तिथे’ कुठेच नाही. तोच देअर म्हणीच्या दोन्ही अर्ध्यांत आहे. म्हणून ‘सावली आहे तिथं बस’ याचं इंग्रजी ‘सिट व्हेअर देअर इज शेड’ असं होतं. यातला देअर ‘आहे’साठी आला आहे. ‘तिथं’ आधीच व्हेअरमध्ये विरघळलं आहे. वर आलेलं ‘सिट व्हेअर द शेड इज’ ओळखीच्या, ठरलेल्या सावलीबद्दल. हे वाक्य कुठल्याही सावलीबद्दल.

मराठी म्हण याच्याही पुढे जाते. ‘इच्छा तेथे मार्ग’ : जेथे नाही, आहे नाही, क्रियापदच नाही. तीन शब्दांत मिश्र वाक्य. हाच साचा आपल्या घोषवाक्यांना फार आवडतो. ‘गाव तिथे ग्रंथालय’, ‘गाव तिथे एसटी’, ‘रस्ता तिथे एसटी’. मुखेडच्या किंवा अहमदपूरच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या मुलाला ‘गाव तिथे एसटी’ इंग्रजीत करायला सांगून पाहा. ‘व्हिलेज देअर एसटी’ हे पहिलं उत्तर येईल, आणि ते येऊ द्यावं. मग विचारावं की गाव काय? गाव ‘आहे’. एसटी काय? एसटी ‘आहे’. लपलेली दोन्ही क्रियापदं बाहेर आली की ‘देअर इज’ दोनदा येतं. गळालेलं ‘जिथे’ परत आणलं की व्हेअर येतो. आणि घोषणेत एकच गाव अभिप्रेत नसून प्रत्येक गाव आहे हे लक्षात आलं की त्याचा व्हेअरेव्हर होतो : ‘व्हेअरेव्हर देअर इज अ व्हिलेज, देअर इज ॲन एसटी बस.’ एसटी नुसती ‘असण्या’ऐवजी तिथे ‘जाते’ असं म्हणायचं असेल, तर दुसरा देअरही जातो आणि वाक्य उलटं फिरतं : ‘द एसटी गोज व्हेअरेव्हर देअर इज अ व्हिलेज.’